कनेक्टरवाला

पाठीवर सॅक, सॅकच्या जाळीत पाण्याच्या बाटलीऐवजी गुंडाळलेली लॅन केबल, आणि कानाला फोन. फोनवर वाक्य ठरलेलं : "आपल्याकडून ओके आहे सर, समोरून येत नाहीये." हे 'समोर' जागेप्रमाणे बदलतं. तो भोसरीत बसला असेल तर समोर म्हणजे चाकणची मोठी कंपनी; चाकणला बसला असेल तर भोसरीचा व्हेंडर. दोघंही एकाच खोलीत असले तर समोर म्हणजे सरकारी पोर्टल. त्याची स्वतःची बाजू मात्र कायम ओके.

धंदा जोडायचा. व्हेंडरच्या टॅलीतलं बिल कंपनीच्या सॅपमध्ये आपोआप उतरावं, आणि वाटेत सरकारकडून ई-इनव्हॉइसचा नंबर नि क्यूआर कोड घेऊन यावं, एवढंच. टेल्को आणि बजाजच्या जिवावर वाढलेल्या भोसरी-चिंचवडच्या शेडवाल्यांचं एके काळी चलनाच्या तीन प्रतींवर भागायचं. 2009 मध्ये चाकणला फोक्सवॅगन आली, मर्सिडीज आली, आणि पट्ट्याची चालच बदलली. आता माल गेटवर पोचायच्या आत त्याची वर्दी कॉम्प्युटरवर पोचावी लागते. तिला एएसएन म्हणतात. त्यातच ई-इनव्हॉइसची उलाढालीची मर्यादा 2020 मधल्या 500 कोटींवरून उतरत उतरत 1 ऑगस्ट 2023 ला 5 कोटींवर आली. तेव्हापासून कनेक्टरवाल्याला धड जेवायला फुरसत नाही.

"पाच मिनिटांचं काम आहे शेठ," असं म्हणून तो सकाळी खुर्ची ओढतो. मग कळतं की ड्रायव्हर 64 बिटचा टाकलाय आणि एक्सेल 32 बिटचं आहे. ते निस्तरलं की अँटिव्हायरस आडवा येतो. त्याला गप्प करायला पासवर्ड लागतो, आणि पासवर्ड शेठच्या ज्या भाच्याला ठाऊक होता, त्याचं शेठशी बोलणं बंद आहे.

त्यात टॅली मानी. तिच्याशी 9000 नंबरच्या पोर्टवरून बोलायचं, तेही ती उघडी असेल आणि आत कंपनी उघडलेली असेल तरच. अकाउंटच्या मॅडमना मात्र जागेवरून उठताना टॅली बंद करायची जुनी सवय. त्या डबा खायला गेल्या की कारखान्याचा जगाशी संबंध तुटतो. म्हणून तो मॉनिटरवर कागद चिकटवतो : 'टॅली बंद करू नये.' मॅडम कागद वाचतात, मान डोलावतात, टॅली बंद करतात आणि वर मॉनिटरही बंद करतात. लाइट बिल शेठच्या खिशातून जातं ना!

एवढं होईतो संध्याकाळ. मग तो टॅलीतल्या नावांना पार्ट नंबर जुळवायची एक्सेलची शीट उघडतो आणि स्टोअरच्या मामांना हाक मारतो.

"मामा, हा 'बुश स्मॉल न्यू' कुठला?"

"असलं काही आपण बनवत नाही."

काचेआडून मॅडम : "बनवत नाही कसं? रोज बिलात टाकते मी!"

"हां, मग तो शेंगदाणा असेल."

"आणि 'बुश स्मॉल न्यू 2'?"

"तोही शेंगदाणाच. मॅडम बाळंतपणाच्या रजेवर होत्या, तेव्हा त्या पोरानं दुसरा उघडला."

"त्याचा स्टॉक वजा चारशे दाखवतंय, मामा."

"वजा कसा असेल? बिन भरलाय, हात घालून बघा."

तो खरंच उठतो, बिनमध्ये हात घालतो, तेलकट बुश उचलून दिव्याखाली धरतो, त्यावर कोरलेला नंबर वाचतो आणि शीटमध्ये भरतो. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून बसलेले मामा आणि मॅडम एकाच वस्तूला एकाच नावानं हाक मारायला त्या दिवशी पहिल्यांदा तयार होतात. मला विचाराल तर त्याचं खरं काम हेच. बाकीची वायर कोणीही जोडील.

अर्थात एंटर दाबल्याबरोबर एक्सेल पार्ट नंबरच्या पुढची शून्यं गिळतं, आणि ई-वे बिलाचा 12 आकडी नंबर 3.31ई+11 असा दाखवतं. "पुढच्या शून्याला काय किंमत असते हो?" शेठ हसतात. ती किंमत दुसऱ्या दिवशी गेटवर कळते. नंबर जुळत नाही म्हणून छोटा हत्ती बाहेर उभा, मागे तळेगाव-चाकण रस्त्याची रांग, ड्रायव्हरचे फोनवर फोन, आणि 'लाइन थांबली तर डेबिट नोट' अशी प्रेमळ सूचना. शेठ कनेक्टरवाल्याला फोन लावतात. "समोरून बघायला सांगा ना," तो म्हणतो, आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन ती दोन शून्यं मुकाट्यानं परत घालतो.

मोठं काम तो गुरुवारी काढतो. एमआयडीसीला सुट्टी, मशिन बंद, मॅडम घरी, टॅली बंद करायला कोणी नाही. सगळं जुळून येतं आणि डेटा अर्ध्यावर जाताना लाइट जाते, कारण महावितरणही दुरुस्तीची कामं गुरुवारीच काढतं.

काम संपल्यावर बिल निघतं. शेठ ते उलटंपालटं करून बघतात. "नुसती वायर तर जोडलीस रे. बघू, आमचं चाकणचं पेमेंट आलं की तुझं करू." तो "चालेल शेठ" म्हणतो आणि सॅक उचलतो. तर शेठ, एक सांगतो. त्याचीही उद्यम नोंदणी आहे. 2006 च्या एमएसएमई कायद्यानं त्याचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. तुमचा तर करार तोंडीच झालाय.