पिल्लांची वारस नोंद कशी करावी

अंड्यांवर कोंबडी बसवल्याला एकवीस दिवस झाले की अंड्यांतून पिल्लं बाहेर येतात आणि आमच्या कपाटातून वही. निवृत्त तलाठ्याच्या घरी कोंबड्या पाळायची वेळ येईल अशांच्या सोयीसाठी ही कार्यपद्धती लिहून ठेवते आहे.

अण्णा, म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर सातबारे लिहिले, आता संगमेश्वराकडच्या घरी असतात. वहीवर त्यांनी लाल शाईनं 'गाव नमुना ६-क' असं लिहिलंय. महसूल खात्यात ही वारसांची नोंदवही. आमच्याकडे तिच्यात कोंबड्यांची पिल्लं. रकाने पाच: अनुक्रमांक, आई, वडील, वर्णन, शेरा. आईचा रकाना सोपा असेल असं मला वाटलं होतं. पण खुडूक बसते एकटी करडी, आणि तिच्याखालची अंडी चौघींची.

वडिलांच्या जागेसाठी दावेदार तीन. आमचा तांबडा गावठी. शेजारच्या भाऊंचा बोडक्या मानेचा, जो हद्द मानत नाही. आणि कडकनाथाच्या लाटेत माझ्या दिरांनी आणलेला काळा, ज्याच्या किमतीचा विषय आमच्याकडे जेवताना काढत नाहीत.

नियम पहिला: रंगावर जाऊ नये. तपकिरी पाठीवर खारीसारखे पट्टे दिसले तर ते पिल्लू आहे, एवढंच सिद्ध होतं. रानकोंबडीपासून चालत आलेली ती नक्षी आहे. लव जाऊन पिसं आली की पिल्लू ओळखू येत नाही. पहिल्या वर्षी अण्णांनी रंग बघून अकरा नोंदी केल्या आणि दीड महिन्यात त्यातल्या सहा खोडल्या. प्रत्येक खाडाखोडीवर सही आहे.

नियम दुसरा: मान पाहावी. हा पुरावा अंड्यातून बाहेर पडतानाच सोबत येतो. बोडकेपणा आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो, पण मग गळ्याच्या पुढच्या बाजूला पिसांचा एक झुबका राहतो. दोघांकडून आला तर झुबकाही जवळपास जातो. आमच्या चारही कोंबड्या भरल्या मानेच्या, त्यामुळे झुबकेवालं पिल्लू दिसलं की बाप कोण हे विचारायलाच नको. गेल्या वर्षी अशी तीन निघाली. अण्णा सदरा घालून गडग्यापाशी गेले. "भाऊ, तुमच्या कोंबड्याचे तीन वारस आमच्याकडे निघालेत." भाऊ दात घासत होते. म्हणाले, "मग आता पोटगी मागताय की काय?"

नियम तिसरा: काळं पीस म्हणजे कडकनाथ नव्हे. काळी पिसं कुणालाही येतात. पंख उचलून कातडी पाहावी, चोच उघडून जीभ पाहावी. अस्सल पिल्लू पहिल्याच दिवशी निळसर-काळं असतं, पाठीवर वेडेवाकडे गडद पट्टे. मिश्र पिल्लात हा काळेपणा कमी-जास्त उतरतो. झाबुआच्या या कोंबडीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे अण्णा आल्यागेल्याला सांगतात. रक्त लालच असतं आणि अंडं फिकट बदामी, हेही सांगतात. काळी अंडी मिळतील असं दिरांना कोणीतरी सांगितलं होतं. कोणी, ते ते सांगत नाहीत.

नियम चौथा: तुरा. गावठीचा बहुधा करवतीसारखा, एका पातीचा. असीलाचा बसका, तीन बुटक्या रांगांचा. त्याला वाटाणा तुरा म्हणतात. बेटसन आणि पनेट या इंग्रज शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं, की गुलाब तुरा आणि वाटाणा तुरा एकत्र आले तर पिल्लाला अक्रोडासारखा तिसराच तुरा येतो, आईचाही नाही आणि बापाचाही नाही. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "धाकट्याच्या नाकाचं असंच झालं."

नियम पाचवा: बोटं मोजावीत. आपल्याकडे चार असतात. पाच भरली तर चष्मा लावून पुन्हा मोजावीत.

नियम सहावा: पाय. इथे अण्णांना अडवू नये. कोंबडीचा मूळ पुरुष तांबडा रानकोंबडा, असं डार्विनचं म्हणणं. पण २००८ साली संशोधकांनी दाखवलं, की पिवळ्या कातडीचा गुण राखी रानकोंबड्याकडून आलाय, म्हणजे आमच्या मागच्या सह्याद्रीच्या रानात पहाटे ओरडतो त्याच्या कुळाकडून. नातीनं हे मोबाइलवर वाचून दाखवलं त्या दिवशी अण्णांनी दोनदा चहा घेतला. तेव्हापासून पिवळ्या पायाच्या प्रत्येक पिल्लाच्या शेऱ्यात 'इतर हक्क: रानकोंबडा' असं असतं. मात्र हा गुण दबून राहतो. आई आणि बाप दोघांकडून आला तरच पाय पिवळे होतात, म्हणून पांढऱ्या पायांच्या जोडप्यालाही पिवळ्या पायाचं पिल्लू होऊ शकतं. त्यावरून कोंबडीच्या चारित्र्यावर बोलू नये.

नियम सातवा: संशयिताला कोंडून उपयोग नाही. अण्णांनी भाऊंना सांगून बोडक्याला बांधून ठेवायला लावलं, तरी पुढच्या आठवड्यातल्या अंड्यांतून झुबकेवाली निघाली. कोंबडी नराचं बीज पोटात साठवते. कोंबडा दूर केल्यावरही साधारण दोन आठवडे अंडी फळतात. फेरफाराला हरकत घ्यायची मुदतही पंधरा दिवस. अण्णांना यात काहीच नवल वाटलं नाही.

नोंद अण्णा करतात, पण ती मंजूर करणार मंडळ अधिकारी, म्हणजे सासूबाई. त्या वही न बघता सही करतात.

आता वहीत नसलेलं. सकाळी कणी कोण टाकतं, खुराड्यातला भुसा कोण बदलतं, मुंगूस आलं की रात्री बॅटरी घेऊन कोण धावतं, याला रकाना नाही. पिल्लं एकमेकांना चिकटून गोळा झाली तर त्यांना थंडी वाजतेय, लांब लांब पसरून चोची उघडल्या तर उकडतंय. पहिले काही आठवडे एवढं कळलं तरी पुष्कळ. बाप कुणी का असेना, विष्ठा सगळ्यांची सारखीच चिकटते.

राहता राहिला अनुक्रमांक सत्तावीस. मान भरलेली, जीभ अर्धी काळी, पाय पिवळे, तुरा बसका, आणि गावात असील कुणाकडेच नाही. वडिलांच्या रकान्यात अण्णांनी पेन्सिलीनं लिहिलं, 'चौकशी सुरू'. बाकीचे कोंबडे यथावकाश राखणीला गेले, पाहुण्यांच्या वड्यांबरोबर गेले. मे महिन्यात मुंबईची मंडळी आली, त्यांनी बरोबर यालाच हेरलं आणि म्हणेल ती किंमत देऊ केली. अण्णांनी वही उघडून दाखवली. "वाद प्रलंबित आहे. अशा मालमत्तेचा व्यवहार होत नाही."

दोन वर्षं झाली. सत्तावीस दुपारी अण्णांच्या आरामखुर्चीखाली झोपतो. मध्यंतरी त्या पेन्सिलीच्या ओळीवर मी शाई फिरवायला गेले, तर अण्णांनी हातातून पेन काढून घेतलं.