तळाशी राहिलेलं

दिवाळीला कुरुंद्याला माहेरी गेले, त्या दुपारी भाचीने कुकरमध्ये केक करायला घेतला. शिट्टी काढली, रिंग काढली, तळाला मीठ पसरलं, त्यावर वाटी पालथी घालून ॲल्युमिनियमचा डबा ठेवला. केक फुगलाही छान. मग डबा ताटात उपडा केला, आणि केक काही खाली येईना. थोपटून झालं, हलवून झालं, कडेने सुरी फिरवून झाली. अखेर आला, पण निम्माच. उरलेला निम्मा डब्यातच ठाण मांडून बसला, वाटणीच्या दिवशी वाडा न सोडणाऱ्या थोरल्या भावासारखा.

"शिरा केलास व्हय?" माझा भाऊ म्हणाला. पोरगी रडकुंडीला आली. आई ओसरीवरूनच बोलली, "नवा डबा हाय. वळण कुठं लागलंय अजून त्याला!"

लेकरांना लावतात तसं भांड्यांनाही वळण लावावं लागतं, हे आईचं जुनं शास्त्र. तिचा बिडाचा तवा माझ्याहून वयाने मोठा. त्याला साबण नाही, तारेची घासणी तर नाहीच. धिरडं घालायच्या आधी अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा. तवा नवा होता तेव्हाची पहिली चार-सहा धिरडी 'तव्याची' म्हणून सोडून दिली होती म्हणे. आई सांगते ते खोटं नाही. डोळ्याला गुळगुळीत दिसणाऱ्या धातूवरही बारीक खाचखळगे असतात. ओलं पीठ त्यात शिरतं आणि आच लागली की तिथेच घट्ट होऊन बसतं. तेल ते खळगे आधीच भरून टाकतं. पुन्हा पुन्हा तापलं की ते तेल तेल राहत नाही, वार्निशासारखा टणक काळा थर होतो. आई त्याला वळण म्हणते, इतकंच.

हा धीर नसलेल्यांसाठी टेफ्लॉन आलं. 1938 साली अमेरिकेत रॉय प्लंकेट फ्रिजमध्ये वापरायच्या वायूंवर काम करत होते, तेव्हा हा पांढरा पदार्थ अवचित हाती लागला. 1954च्या सुमारास मार्क ग्रेगुआर या फ्रेंच इंजिनिअरने तो मासेमारीच्या सामानासाठी वापरून पाहिला. बायको म्हणाली, गळाचं राहू द्या, माझ्या भांड्याला लावा. (तिकडेही सांगावं बायकोनेच लागलं.) मला गंमत वाटते ती वेगळीच: कशालाच न चिकटणारी ही वस्तू भांड्याला चिकटवायची कशी, हीच खरी अडचण होती! आईला मी असा एक तवा आणून दिला होता. तिच्या लोखंडी उलथण्याने दोन वर्षांत त्याचं सगळं पांडित्य खरवडून काढलं.

आमच्या मूळ खाण्यात हा प्रश्न फारसा नव्हताच. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नाही. त्याची विरी, म्हणजे असते तेवढी बांधणीही, गेली की भाकरी तव्यापर्यंत पोचायच्या आधीच परातीत मोडते. रोडग्यांना तर भांडंच लागत नाही. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, फडक्याने राख झटकायची आणि तुपात कुस्करायचे. भानगड आणली ती साखरेने. तापली की वितळते, निवली की भांडं धरून बसते. कुरुंद्याला, टोकाई साखर कारखान्याच्या गावाला, हे मी काय सांगावं!

दुसऱ्या दिवशी भाचीने पुन्हा कंबर कसली. डब्याला आतून तेल चोळलं, वर मैदा भुरभुरवून डबा ठोकून जास्तीचा झटकला, तळाशी वहीचा कोरा कागद गोल कापून घातला. केक झाल्यावर ती लगेच उपडा करणार, तेवढ्यात आई म्हणाली, "निवू दे की जरा. घाई कामून?" दहा मिनिटं थांबलो. तेवढ्या वेळात केकच्या अंगचा लुसलुशीतपणा सावरतो, कडा आपणहून सुटतात. अगदी गार होऊ दिला, तर साखर पुन्हा हट्ट धरते.

केक अखंड आला. फोटो निघाले. मला मात्र आदला दिवस आठवत होता. ताटातला निम्मा केक रात्रीपर्यंत तसाच होता, आणि डब्यातला चहाच्या आधीच साफ झाला होता. लहानपणी आम्ही भावंडं बासुंदीपेक्षा पातेल्याच्या खरवडीसाठी भांडायचो. उलथणं ज्याच्या हाती, त्याचं राज्य. आई दूध आटवताना शेवटी शेवटी ढवळायला विसरायची, ते विसरणं होतं का, हे तिला कधी विचारलं नाही.

धाकटा भाचा रिकामा डबा घेऊन ओसरीवर गेला. "आजी, यात तर काहीच नाही!"

आईने डबा उजेडाकडे धरला, आत बोट फिरवून पाहिलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाली, "उद्या तेल जरा कमीच लाव गं."