वाडी पाहायला जाताना

मे महिन्यात कोकणात कुणाची वाडी पाहायला जाणाऱ्या घाटावरच्या पाहुण्यांसाठी या सूचना. अनुभव आमचा, वाडी गुहागरच्या मामांची.

'जरा एक चक्कर मारून येऊ' असे यजमान म्हणाले, की भरपूर पाणी पिऊन निघावे. आमच्या मामांचे 'जरा' दोन तासांचे असते.

माडाखाली उभे राहू नये. हे मामा मला दरवर्षी माडाखाली उभे राहूनच समजावतात.

ज्ञान पाजळू नये. पश्चिमेचे दाट माड पाहून मी एकदा 'वारा अडवायला छान' म्हणून गेलो. 'वारा नाही रे, ऊन!' दुपारनंतरचे तिरपे ऊन पोफळीच्या खोडाला भाजते, खोड तडकते आणि पुढे कधीतरी पावसाळी वाऱ्यात नेमके तिथेच मोडते. माझे बोट धरून मामांनी ते एका चिरेत घातले. आत आख्खे पेर गेले.

आंबा ओढून काढू नये. झेल्याने काढावा, थोडा देठ ठेवून. देठ निसटला, की चीक सालीवर ओघळतो आणि तिथे काळा डाग पडतो. अढीतला आंबा दाबून पाहू नये, वास घ्यावा. माझा मेव्हणा दाबतो. त्याच्या अंगठ्याचे ठसे आठवडाभराने मामींना ओळखू येतात.

'इथे रिसॉर्ट का नाही काढत?' हे विचारू नये. मेव्हणा विचारतो.

आता जायफळ. यात नर-मादी झाडे वेगळी, आणि बीपासून केलेल्या रोपाकडे बघून काही कळत नाही. फुलेपर्यंत सहा-सात वर्षे मुकाट पाणी घालायचे. मामांनी पाच रोपे लावली. तीन नर निघाले. 'दहा माद्यांमागे एक नर लागतोच,' असे मामा प्रत्येक नराजवळ थांबून सांगतात. इथे भागाकार करू नये. हल्ली मादी झाडाच्या काडीची कलमे मिळतात, हेही काढू नये. मी काढले, त्या दिवशी कोकम सरबत फार उशिरा आले.

निघताना डिकीत नारळ भरले जातात. 'सोलून देऊ?' या प्रश्नाला नाही म्हणावे. असोला जास्त टिकतो. आणि 'कशाला उगाच' हे एकदाच म्हणावे. मी यंदा दोनदा म्हटले, तर मामींनी पाच काढून घेतले.

यंदा मामा गुडघ्यामुळे विहिरीपर्यंतच आले. पुढे मी एकटाच जाऊन आलो.

'शेवटच्या जायफळाला पाणी पोचतंय?'

'मामा, नर आहे तो.'

'पाण्याचं विचारलं मी.'