ट्रेनिंगहून परतलेला बँकवाला

ट्रेनिंगहून परतलेला बँकवाला प्रत्येक शाखेत एक तरी असतोच. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या लोह्यासारख्या तालुक्याच्या गावी तो लगेच ओळखू येतो: हातात संस्थेची नवी फाईल, तोंडावर हसू आणि समोर येईल त्याला नमस्कार. हे तेज साडेअकरापर्यंत टिकते. मग "साहेब, अनुदान पडलं का?" असे विचारणारी रांग दाराबाहेर जाते आणि नमस्कार बंद होतो.

त्याची निवड गरजेवरून होत नाही. पीककर्जाच्या प्रशिक्षणाचे पत्र नेमके पेरणीच्या तोंडावर येते. कर्ज पाहणाऱ्याला तेव्हा सोडणे मॅनेजरला परवडत नाही, म्हणून ज्याच्यावाचून अडत नाही तो जातो. पुण्याहून कर्जाचे नियम शिकून येतो आणि कॅशला बसतो.

प्रशिक्षण मोजण्यासाठी अमेरिकेच्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये चार पायऱ्या मांडल्या: ते आवडले का, त्यातून काय कळले, वागण्यात काय उतरले आणि संस्थेला काय लाभले. आपल्या नायकाचे मोजमाप पहिल्या पायरीवरच आटोपते, तेही जेवणावरून. भाजी बरी असली की अभिप्रायाच्या फॉर्मवर वरपासून खालपर्यंत 'उत्कृष्ट'. प्रवासभत्त्याचे बिल मात्र तो फार बारकाईने भरतो. या विषयात त्याला प्रशिक्षणाची गरज कधी भासलेली नाही.

ऑनलाइन धड्यांचे शास्त्र निराळे. मार्च संपत आला की शाखेतला सर्वांत तरुण क्लार्क सगळ्यांचे पासवर्ड घेऊन एका संध्याकाळी सगळी शाखा पास करतो. पासवर्ड कुणालाही देऊ नये, हा धडाही त्यातच असतो.

तरी तो शिकत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री 500 आणि 1000 च्या नोटा रद्द झाल्या. 10 तारखेला बँका उघडल्या तेव्हा कुणाचेही प्रशिक्षण झालेले नव्हते. वरचेवर बदलणारे नियम तो रांगेसमोरच शिकला. 1 एप्रिल 2017 ला स्टेट बँक ऑफ हैदराबाद भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली, तेव्हाही त्याने नवी पद्धत शेजारच्या टेबलाला विचारूनच उचलली. (मराठवाड्यातली जुनी खातेदार मंडळी आजही 'हैदराबाद बँक'च म्हणतात, त्यांचे प्रशिक्षण कुणी घेतले नाही.)

पुढे पीककर्जाचे नियम पुरते विसरले की त्याला कर्जाचे टेबल मिळते. तो सवयीने शेजारी विचारायला वळतो, तर शेजारचा ट्रेनिंगला गेलेला असतो.