पॉझिक्सकाका

इंग्लंडातल्या प्रत्येक मराठी मंडळात एक तरी पॉझिक्सकाका असतातच. आमचे रेडिंगला राहतात. 'युनिक्स' हे नाव कोणी लावायचं ते ठरवणाऱ्या द ओपन ग्रुपचं ऑफिस त्याच गावात आहे. काकांचा तिथे काडीचाही संबंध नाही. तरी ते बाहेरून दाखवल्याशिवाय पाहुण्यांना चहा मिळत नाही.

युनिक्सच्या भावकीतल्या सगळ्या सिस्टिम्सनी एका वळणाने वागावं, म्हणून 1988 साली पॉझिक्स हे प्रमाण आलं. नाव सुचवलं रिचर्ड स्टॉलमन यांनी. आणि प्रमाणाबाहेरच्या सोयींची चटक लोकांना लावली ती त्यांच्याच जीएनयूच्या अवजारांनी! काकांचं हे जुनं दुखणं आहे.

काकांचं सोवळं कडक. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत एसएच लिहिलं की आत बॅशचा दुहेरी कंस दिसता कामा नये. 2006 साली उबंटूने एसएचच्या गादीवरून बॅशला उठवून डॅशला बसवलं आणि भल्याभल्यांच्या स्क्रिप्टा कोलमडल्या. काकांनी त्या दिवशी पेढे वाटले, अशी वदंता आहे.

गेल्या गणपतीत वर्गणीच्या यादीतली नावं सुधारायला एका पोराने लिनक्सवर स्क्रिप्ट लिहिली. चिटणीसबाईंच्या मॅकवर ती अडली.

"काका, 'सेड'ला 'आय' दिलाय. माझ्याकडे चालतं हो!"

"तुझ्याकडे चालेल रे. मॅकचा सेड बीएसडीच्या घराण्यातला. मूळ फायलीची प्रत कुठलं शेपूट लावून ठेवायची, ते त्याला 'आय'च्या पुढे सांगावं लागतं. प्रत नको तर रिकामी अवतरणचिन्हं तरी दे."

"म्हणजे मॅकचंच चुकतंय!"

"मॅक प्रमाणपत्रधारी युनिक्स आहे, तुझं उबंटू नाही! आणि 'आय' प्रमाणात आहेच कुठे? वेगळ्या फायलीत लिही, मग 'एमव्ही' कर."

तोवर चिटणीसबाईंनी सगळी नावं हाताने दुरुस्त करून आरतीची तयारीही केली होती.

भाच्याला स्थळ आलं तेव्हा काकांनी पहिला प्रश्न विचारला, "डिपेंडन्सी किती?" बहीण म्हणाली, "दोन धाकटे भाऊ." काकांनी मान हलवली.

माळ्यावर त्यांनी फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी आणि सोलारिसची जुनी यंत्रं मांडली आहेत. दहा ओळींची स्क्रिप्टसुद्धा तिन्हींवर चालल्याशिवाय खाली उतरत नाही. काकू विचारतात, "सगळीकडे चालते, पण वापरतं कोण?" काका हे प्रमाणाबाहेरचं समजून सोडून देतात.

मध्यंतरी त्यांच्या ऑफिसने सगळा कारभार अल्पाइन लिनक्सच्या कंटेनरांत हलवला. तिथे बॅश आयता मिळत नाही. पोरांच्या स्क्रिप्टा पहिल्याच ओळीवर आडव्या झाल्या. काकांची जुनी स्क्रिप्ट एक अक्षर न बदलता चालली. तेव्हा वाचकहो, असा काका शेजारी असेल तर त्याला जेवायला बोलवू नका हवं तर. पण स्क्रिप्ट लिहून झाली की एकदा दाखवा. माणूस असह्य आहे, म्हणणं बरोबर आहे.