क्रमांकांचा मुलूख

बीडचा ०२४४२, माजलगावचा ०२४४३, केजचा ०२४४५, अंबाजोगाईचा ०२४४६, गेवराईचा ०२४४७: दूरसंचार खात्याने बहाल केलेले हे क्रमांक एके काळी पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवाल्यास मुखोद्गत असत, आणि रात्री अकरानंतरच्या पाव दरासाठी ताटकळणाऱ्या गिऱ्हाइकास तो ते विनामूल्य सांगे; आता तेच ज्ञान आंतरजालावरील शोधयंत्रे, आधी जाहिरातींची जकात वसूल करून, मोठ्या औदार्याने पुरवितात. गैरसोय एवढीच, की ज्या घरांना हे क्रमांक लागू पडावेत, त्यांपैकी बहुतेकांच्या तारा केव्हाच निकामी झाल्या आहेत. उरला मोबाइल; त्याच्या अंकांवरून फार तर ‘महाराष्ट्र व गोवा परिमंडळ’ एवढा बोध होतो, आणि २०१५ पासून क्रमांक देशभर सोबत नेण्याची मुभा मिळाल्याने त्याचीही शाश्वती राहिलेली नाही. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कर्नाटकात उतरलेला धारूरचा ऊसतोड मजूर फडातून घरी फोन लावतो, तेव्हा त्याचा ठावठिकाणा यंत्र ‘महाराष्ट्र’ असा बेधडक नोंदविते. उचल देऊन बसलेल्या मुकादमास मात्र तो कोणत्या कारखान्याच्या कोणत्या फडात आहे, हे यंत्रावाचून बिनचूक ठाऊक असते.