कितला सीसीनी शे?

पिंपळनेरच्या चौकात नवी स्पोर्ट्स बाइक येऊन थांबली की पहिला प्रश्न ठरलेला. "कितला सीसीनी शे रे भो?"

किंमत नंतर. ॲव्हरेज त्याच्याही नंतर. ब्रेकबद्दल कोणीच विचारत नाही.

सीसी म्हणजे सिलिंडरच्या आतली जागा. ताकद नव्हे. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घ्या. ३४९ सीसी, ताकद साधारण २० हॉर्सपॉवर. यामाहाची आर१५ फक्त १५५ सीसीची, पण ताकद १८ च्या वर. आणि केटीएमची आरसी ३९०? ३७३ सीसी, ४३ हॉर्सपॉवर. क्लासिकपेक्षा सीसी जेमतेम २४ ने जास्त, ताकद दुपटीहून अधिक.

तेव्हा "पप्पा, बुलेटपेक्षा थोडीशीच मोठी आहे" असं पोरगा म्हणाला, तर हे आकडे त्याच्यापुढे ठेवा.

ताकद जास्त असली म्हणून काय बिघडतं? हळू चालवायची, हात आपल्याच ताब्यात आहे की! हा युक्तिवाद प्रत्येक घरात होतो आणि प्रत्येक घर त्याला फसतं.

कारण हात ताब्यात नसतो. स्पोर्ट्स बाइकचं हँडल खाली आणि पुढे असतं. नवखा पोरगा गुडघ्या-मांड्यांनी टाकी धरत नाही, सगळा भार मनगटांवर टाकतो. समोर खड्डा येतो. अंग पुढे फेकलं जातं, मनगट खाली वळतं, आणि मनगटाबरोबर ॲक्सिलरेटरही. गाडी पुढे झेपावते, तसा तो घाबरून हँडल आणखी घट्ट धरतो. ॲक्सिलरेटर आणखी पिळला जातो. १८ हॉर्सपॉवरच्या गाडीवर ही चूक म्हणजे एक हिसका. कारण ते इंजिन सात-आठ हजार आरपीएमला गेल्याशिवाय जोर धरत नाही, तेवढ्यात पोरगा सावरतो. ४३ च्या गाडीवर सावरायला वेळच उरत नाही.

आणि खड्डे आपल्याकडे कमी आहेत का?

सरकारचं पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीने मोटारसायकलींची वाटणी केली. ३५० सीसीपर्यंत १८ टक्के, त्यावर ४० टक्के. विम्याचे थर्ड पार्टी दरही १५० आणि ३५० सीसीला बदलतात. मग परवाना? अठरा पूर्ण झाली, गिअरच्या मोटारसायकलची परीक्षा दिली, कार्ड मिळालं. त्याच कार्डावर स्प्लेंडर चालते आणि त्याच कार्डावर हजार सीसीची निन्जाही.

तिजोरीला सीसी कळतो, परवान्याला कळत नाही.

युरोपात परवान्याला पायऱ्या आहेत. पहिली १२५ सीसी आणि ११ किलोवॉटपर्यंत. दुसरी ३५ किलोवॉटपर्यंत, म्हणजे सुमारे ४७ हॉर्सपॉवर. तिसरीवर बाकी सगळ्या गाड्या. पुण्याजवळच्या चाकणला तयार होऊन तिकडे जाणारी ३९० तिथे दुसऱ्या पायरीवर बसते. आपल्याकडे तीच गाडी बारावीच्या निकालाचं बक्षीस.

बरं, ही गाडी पळवणार कुठे? समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी. चौपदरी रस्त्यावर दुचाकीची कायदेशीर मर्यादा ८०, साध्या रस्त्यावर ६०. पिंपळनेरहून निघालं की ताहराबादकडे शेलबारी घाट, नवापूरकडे चरणमाळ घाट. साक्रीच्या रस्त्यावर कांद्याची ट्रॉली. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि वेळ दिवेलागणीची.

ट्रॉली दिसल्यापासून बोटं ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. ६० च्या वेगात त्या सेकंदात गाडी १७ मीटर जाते. १०० च्या वेगात २८. ब्रेक तोपर्यंत लागलेलाही नसतो. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लावून थांबायचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. हा हिशेब नववीच्या विज्ञानाचा. पोरगं तो पाठ करून पास झालेलं असतं.

जुन्या मंडळींना राजदूत ३५० आठवत असेल. यामाहाच्या आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये इथे आणलेली. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, सुरुवातीच्या मॉडेलला ३० च्या आसपास हॉर्सपॉवर. त्या काळी भारतीय रस्त्यावर तिच्यापुढे टिकेल असं दुसरं काही नव्हतं. पण परदेशातल्या आरडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्या राजदूतला दिला ड्रम. इंजिन एका युगाचं, ब्रेक दुसऱ्याचा. लोकांनी 'आरडी'चा अर्थ 'रॅपिड डेथ' असा लावला तो काही उगाच नाही. दहा वर्षांच्या आत ती बंदही पडली. आजही तिचा आवाज निघाला की साठीचे लोक हळवे होतात.

ज्यांचे मित्र तिच्यावर गेले, ते मात्र गप्प बसतात.

त्याच काळातली आरएक्स १०० बघा. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन जेमतेम शंभर किलो. तिच्यावर एका पिढीने गिअर, क्लच, वळण, तोल सगळं शिकून घेतलं. लहान इंजिन माणसाला चुका करू देतं. शिकण्यासाठी आणखी काय लागतं?

म्हणून माझं मत सरळ आहे. पहिली स्पोर्ट्स बाइक १५० ते २०० सीसीची आणि १८ ते २५ हॉर्सपॉवरची. आर१५ किंवा पल्सर आरएस २०० या माळेतली. १२५ सीसीच्या वर एबीएस २०१९ पासून सक्तीचं आहे, पण काही गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं. विचारून घ्या, दोन्ही चाकांचं घ्या. दोन पावसाळे घाटात काढा. मग ३९० चा विषय काढा.

"पण लवकरच लहान वाटायला लागेल ना?"

गाडी लहान वाटायला लागली का, ते टायरला विचारा. नव्या टायरच्या कडेला रबराचे बारीक केस असतात. गाडी वळणावर नीट झुकवली की ते झिजतात. वर्षभर चालवलेल्या किती तरी गाड्यांचं टायर मधोमध सपाट झालेलं असतं आणि कडेचे केस जसेच्या तसे. म्हणजे वर्षभर फक्त सरळ रस्त्यावर कान पिळला, वळायला शिकलाच नाही. त्याला मोठी गाडी कशासाठी हवी?

आर१५ आणि आरसी ३९० च्या किमतीत लाखाहून जास्त फरक आहे. त्यातून आयएसआय खुणेचं फुल फेस हेल्मेट, हातमोजे, जाड जॅकेट आणि घोटा झाकणारे बूट येतात, वर पेट्रोलला पैसे उरतात. आपल्याकडे उलटं चालतं. साडेतीन लाखांची गाडी आणि रस्त्याकडेला टांगलेलं तीनशेचं टोपलं.

आणि हप्ता भरणाऱ्या बापासाठी एक शेवटची गोष्ट. पोराला अठरा पूर्ण नसताना गाडी हाती दिली आणि त्याने काही केलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत परवाना नाही. दसऱ्याला बुकिंग करायचं ठरलं असेल आणि पोराचा अठरावा वाढदिवस फेब्रुवारीत असेल, तर फेब्रुवारीपर्यंत थांबा.